झोपताना पाठीवर, जागं असताना पालथं: बाळाला जमिनीवर कधी, कसं आणि किती वेळ सोडायचं

आपल्याकडं कोल्हापुरात बाळ घरी आलं की पहिले दोन-तीन महिने ते जमिनीला लागतच नाही. पाळण्यात, नाहीतर आजीच्या मांडीवर, नाहीतर आत्याच्या खांद्यावर, तिथनं झोळीत, आणि आता त्यात बाउन्सर आणि बॅटरीवर हलणाऱ्या खुर्च्यांची भर पडलीय. सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं. पण मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच बाळांना आजार असा कुठलाच नसतो, त्यांना फक्त जमीन मिळालेली नसते. पाच महिने झाले तरी कुशीवर वळत नाही, आठव्या महिन्यात बसवलं की कलंडतंय, डोकं मागनं चपटं झालंय, अशा तक्रारी घेऊन आई-बाबा येतात आणि विचारल्यावर कळतं की बाळ दिवसभरात पालथं म्हणून कधी पडलेलंच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासनं चालायला लागेपर्यंत काय काय करायचं ते इथं सविस्तर लिहितेय.

"हालचाल काय, आज ना उद्या करेलच की, डोकं हुशार असलं म्हणजे झालं" असं बरेच जण म्हणतात. पण त्या वयात डोकं शिकतं ते हालचालीतनंच. मान वर उचलली की खोली पहिल्यांदा नीट दिसते, बसता आलं की दोन्ही हात मोकळे होतात, रांगता आलं की हवी ती वस्तू स्वतः जाऊन आणता येते. प्रत्येक टप्प्याला बाळाच्या हाती नवीन जग लागतं आणि ते जग आपण उचलून दाखवलं तर तेवढा उपयोग होत नाही, ते त्याचं त्यानं गाठावं लागतं.

आधी झोपेचं, कारण इथं चूक चालत नाही

झोपवताना बाळ कायम पाठीवर. रात्रीही आणि दुपारच्या झोपेलाही, वर्षाचं होईपर्यंत. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. आपल्याकडं आजीची पहिली शंका असते की पाठीवर असताना दूध ओकलं तर घशात अडकेल. तसं होत नाही, कारण बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळं वर आलेलं दूध परत अन्ननलिकेकडंच जातं. उलट पालथं झोपलेलं असताना धोका जास्त.

अंथरूण सपाट आणि थोडं कडक पाहिजे. उशी नको, आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करायची पद्धत आहे तीही नको, कितीही मायेनं शिवलेली असली तरी. डोक्याच्या आकारासाठी साधा उपाय म्हणजे बाळाचं डोकं एक दिवस पाळण्याच्या या टोकाला आणि दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. बाळ उजेडाकडं, दाराकडं, आईच्या आवाजाकडं मान वळवतं, त्यामुळं टोक बदललं की आपोआप मान दुसऱ्या बाजूला जाते. पावसाळ्यात गारवा लागेल म्हणून तोंडापर्यंत दुपटी पांघरू नका, एक झबलं जास्त घाला.

झोळीबद्दल. झोळीत बाळ पटकन झोपतं हे मान्य, शेतावर काम करणाऱ्या आईला दुसरा पर्याय नसतो हेही मान्य. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, लहान बाळाचा श्वास अडू शकतो, आणि हात-पाय मारायला जागाच उरत नाही. लक्ष ठेवायला कुणीतरी जवळ पाहिजेच आणि झोप लागली की उचलून सपाट जागी ठेवा.

आणि बांधून ठेवणं, म्हणजे दुपट्यात घट्ट गुंडाळणं. हात गुंडाळले तर एकवेळ चालेल पण पाय सरळ ओढून बांधू नका. पाय सरळ बांधले की खुब्याचा सांधा निसटायचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ पासून पाय सरळ बांधायची पद्धत बंद करायची मोहीम झाली आणि तिथं खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण खूप कमी झालं. पाय बेडकासारखे दुमडून फाकलेले राहिले पाहिजेत. म्हणूनच मान धरल्यानंतर आपलं ते कडेवर घेणं, दोन बाजूंना दोन पाय, हे खुब्यासाठी एकदम चांगलं. बाळ वळायची धडपड करायला लागलं की गुंडाळणं पूर्ण बंद, कारण गुंडाळलेलं बाळ पालथं झालं तर त्याला परत वळता येत नाही.

पहिला महिना: आईच्या छातीवर आणि मालीशवाल्या मावशींच्या पायावर

पालथं घालायला तीन महिने थांबायची गरज नाही. पूर्ण दिवसांचं, तब्येतीनं ठीक असलेलं बाळ घरी आल्यापासनं सुरू करता येतं. सुरुवात अशी करा: आईनं किंवा बाबांनी पाठीला दोन लोड घेऊन तिरकं टेकायचं आणि बाळाला छातीवर पालथं घ्यायचं. तिरकं असल्यामुळं बाळाला मान उचलायला कमी ताकद लागते, तुमचा आवाज आणि वास ओळखीचा असतो, त्यामुळं ते रडतही नाही. दोन-तीन मिनिटं, दिवसातनं दोन-तीन वेळा, बास. फक्त त्या अवस्थेत तुम्हाला डुलकी लागता कामा नये, डोळे मिटायला लागले की बाळाला खाली ठेवा.

आणि आपल्याकडं तर हे आधीपासनं आहेच. बाळाला आंघोळ घालणाऱ्या मावशी पाय लांब करून बसतात, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला पालथं घालतात, डोकं घोट्याकडं, आणि पाठीवर पाणी घालत राहतात. एकदा नीट बघा त्या वेळी बाळ काय करतं. मान एका कुशीवर टेकलेली असते, पाठीवर कोमट पाणी पडलं की ते अंग ताणतं, मान उचलायला बघतं, नाक घासत दुसऱ्या कुशीवर नेतं, परत टेकतं. हाच तो व्यायाम. एवढंच बघा की पाणी नाका-तोंडावर येत नाही, आणि आंघोळ झाली की पायावर अजून एखादं मिनिट ठेवून बोला त्याच्याशी.

मालीश करताना मात्र काही गोष्टी थांबवायला सांगा, वाईटपणा आला तरी चालेल. पाय धरून उलटं लटकवणं, हात-पाय जोरात ओढणं, डोकं दाबून आकार देणं, नाक चिमटणं, आंघोळीनंतर धुरी देणं. यातलं काहीच बाळाच्या फायद्याचं नाही आणि धुरानं तर छोट्या फुप्फुसांना थेट त्रास होतो.

एक ते तीन महिने: आता खरी जमीन

पलंगावरची गादी या कामाला उपयोगाची नाही, त्यात बाळ रुततं आणि हातानं रेटा द्यायला गेलं की खालचं दबतं. जमिनीवर चटई, त्यावर एक वाकळ दुमडून, वर स्वच्छ चादर. फोमची मॅट असेल तर तीही चालेल. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या फरशीला ओल येते, तेव्हा खाली एक प्लॅस्टिकचं कापड टाका आणि जागा पलंगाच्या कडेला, भिंतीच्या पोपड्यांजवळ घेऊ नका.

वेळ निवडताना बाळ झोपून उठलेलं, लंगोट बदललेला, आणि दूध पिऊन अर्धा तास झालेला. भुकेलं किंवा पेंगुळलेलं बाळ पालथं घातलं की रडणारच, आणि मग घरातले म्हणतात याला आवडत नाही.

आता घालायचं कसं. वरनं सरळ पालथं टाकू नका. आधी पाठीवर ठेवा, मग एका कुशीवर वळवा, क्षणभर थांबा, मग हळूच पुढं लोटत पालथं करा, म्हणजे वळायचं कसं असतं ते अंगाला कळत जातं. मग त्याचे दोन्ही कोपर खांद्याच्या खाली किंवा जरा पुढं आणून ठेवा. हात अंगाखाली अडकलेले असले तर बाळ कितीही जोर लावो, मान वर येत नाही, आणि नव्वद टक्के रडणं यामुळंच असतं असं मी माझ्या अनुभवावरनं सांगू शकते. तरीही जड जात असेल तर एक पातळ टॉवेल गुंडाळून छातीखाली, काखेच्या लगेच खाली ठेवा, हात त्याच्यावरनं पुढं आले पाहिजेत.

नंतर तुम्ही पण पालथं पडा. खुर्चीत बसून वरनं टाळ्या वाजवल्या तर बाळाला मान कुठवर उचलावी लागेल विचार करा! तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. खेळणी विकत आणायची गरज नाही, स्टीलचं घासलेलं ताट भिंतीला टेकवून ठेवा, त्यात स्वतःचं तोंड दिसतं आणि बाळं त्याच्याकडं बघत राहतात. मोबाईल मात्र समोर लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको.

त्याच सूचनांमध्ये हेही आहे की जे बाळ अजून स्वतः हलत-फिरत नाही त्याला दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं जागेपणी पालथं ठेवावं, आणि कुठल्याही खुर्चीत, गाडीत किंवा अंगाला बांधून सलग तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. ३० मिनिटं एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. प्रत्येक लंगोट बदलल्यावर दोन-तीन मिनिटं असं जोडून टाकलं की दिवसाचा हिशोब आपोआप पूर्ण होतो, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

"म्याडम, त्याला पालथं घातलं की नुसतं वरडालंय बघा, कशाला पोराला तरास द्यायचा?" असं एक आजी मला म्हणाल्या होत्या. त्यांना एवढंच सांगितलं की कुरकुर आणि रडणं यातला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. कुरकुरलं तर बोला, पाठीवरनं हात फिरवा, अजून अर्धा मिनिट थांबा. खरंच रडलं तर लगेच उचला, परत तासाभरानं बघू. त्याच आजी पुढं रोज संध्याकाळी स्वतः चटईवर पालथ्या पडून नातवाशी बोलायच्या.

पालथं नको असेल तेव्हा कुशीवर ठेवा. पाठीला गुंडाळलेला टॉवेल, दोन्ही हात छातीसमोर. या अवस्थेत हातात हात सापडतात, बाळ स्वतःची बोटं बघतं, तोंडात घालतं, आणि डोळा आणि हात यांची जोडी इथंच जमायला लागते. पुढं चमचा धरणं, मण्यात दोरा ओवणं, पेन्सिल धरणं या सगळ्याची पायाभरणी इथं होते. डोळा लागला की मात्र परत पाठीवर.

चार ते सहा महिने: वळणं, आणि बसवायची घाई

या वयात बाळ कोपरावर नीट पेलायला लागतं, मग हातावर, मग एक हात उचलून समोरची वस्तू ओढतं. त्या वेळी सगळा भार एका बाजूला घ्यावा लागतो. ही भार इकडनं तिकडं नेण्याची कला पुढं रांगायला आणि चालायला लागते. वस्तू अगदी हातात देऊ नका, बोटांपासून चार इंच लांब ठेवा. वाटी, लाकडी चमचा, झाकण, वेगवेगळ्या वजनाचं, वेगवेगळ्या आवाजाचं.

उचलतानाही वळणं शिकवता येतं. काखेत हात घालून सरळ वर उचलण्यापेक्षा आधी कुशीवर वळवून, एका हाताला जरा भार देत उचला. दिवसातनं पंधरा-वीस वेळा तरी आपण बाळ उचलतो, प्रत्येक वेळी हा सराव फुकटात होतो.

आणि आता बसवण्याचं. "मी बसवतो की त्याला रोज उशा लावून, अर्धा तास बसतंय" असं राजारामपुरीतली एक तरुण आई मला कौतुकानं सांगत होती, बाळ होतं साडेचार महिन्यांचं. उशांत कोंबून बसवलेलं बाळ बसत नसतं, ते अडकलेलं असतं. त्याला त्या अवस्थेत कसं आलो ते माहीत नसतं, त्यातनं बाहेर कसं पडायचं ते माहीत नसतं, आणि हालचाल केली तर पडतो हे मात्र पटकन कळतं, म्हणून ते गप्प बसून राहतं. एम्मी पिकलर नावाच्या हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये अनाथ बाळांसाठी घर सुरू केलं. बाळ ज्या अवस्थेत स्वतःहून येऊ शकत नाही त्यात त्याला बसवायचं-उभं करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मी एवढी कडक नाही, उष्टावणानंतर भरवताना मांडीवर पाठ टेकवून ताठ बसवावंच लागतं. पण खेळायचा वेळ हा जमिनीवरचा असावा.

बसणं येतं ते वळण्यातनं आणि कुशीवरनं हाताचा रेटा देत उठण्यातनं. सुरुवातीला हात पुढं टेकून बसतं, मग एक हात सुटतो, मग दोन्ही. दोन्ही हात सुटले की बघा, बाळ वस्तू उलटसुलट करून न्याहाळायला लागतं, या हातातनं त्या हातात, उलटी करून मागची बाजू, आपटून आवाज. समोरनं दिसणाऱ्या वस्तूला मागची बाजू पण असते हे कळण्याचा आणि असं आधाराशिवाय बसून वस्तू हाताळण्याचा संबंध संशोधनात दिसून आलेला आहे.

सात ते दहा महिने: रांगणं

बऱ्याच बाळांचं आधी मागं सरकणं सुरू होतं कारण हातात पायांपेक्षा जास्त जोर असतो. काळजी करू नका. तळपायाला तुमचा तळहात लावून धरा, ते त्याला रेटा देऊन पुढं जाईल. पायमोजे काढा, गुडघे उघडे ठेवा, गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेलं बाळ नुसतं घसरत राहतं.

मग अडथळे तयार करा. तुम्ही पाय लांब करून बसा आणि पलीकडं वाटी ठेवा, ते तुमच्या मांडीवरनं चढून जाईल. घडी केलेल्या वाकळींचा एक छोटा ढीग. टेबलाखालनं, खुर्चीच्या पायांमधनं जाऊ द्या. आपण किती मोठे आहोत, कुठं मावतो, कुठं डोकं आपटतं हे सगळं ते अंगानं मोजत असतं. खेळणं दुपट्याखाली लपवा आणि शोधू द्या. रांगणाऱ्या बाळांना उंची आणि खोली यांचं भान येतं, हे काचेच्या टेबलावर खोल दरीचा भास करून घेतलेल्या प्रयोगांत दिसलंय. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये ते प्रसिद्ध केले होते. आई पलीकडनं बोलवत असली तरी बहुतेक रांगती बाळं दरीच्या बाजूनं जायला तयार होत नव्हती. म्हणून पलंगावर सोडून निघून जा असं मी म्हणत नाही, भान यायला वेळ लागतो आणि त्याआधी बाळ धाडकन खाली येतं.

काही बाळं रांगतच नाहीत, बूड घासत सरकतात किंवा थेट उभी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात भारतातली बाळं पण होती, शंभरातली साधारण चार बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि ती व्यवस्थित चालली. फक्त एकच हात किंवा एकच पाय ओढत सरकत असेल तर दाखवून घ्या.

या वयात घराकडं गुडघ्यावर बसून एकदा बघून घ्या. विळी, गॅसची नळी, प्लगची भोकं, शेंगदाणे, सुट्टी नाणी, रिमोटमधली चपटी बॅटरी, आणि पाण्यानं भरलेली बादली. पाणी नाही आलं तर म्हणून बादल्या भरून ठेवायची आपली सवय, पण रांगणारं बाळ वीतभर पाण्यातही बुडू शकतं. बाथरूमचं दार कडी लावून बंद.

उभं राहणं आणि चालणं

वॉकरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका, कुणी भेट दिला तर वापरू नका. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत पळतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि क्षणात गरम चहापाशी किंवा जिन्यापाशी पोचतं. त्यानं चालणं लवकर येत नाही.

आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, ते मागं उभं राहून स्वतःच्या पायांवर भार घेऊन ढकलतं. पण आधी त्याला धरून स्वतः उभं राहता आलं पाहिजे, आणि गुळगुळीत फरशीवर गाडा पळतो म्हणून वर एखादा जड लोड ठेवा.

दिवाणाची कड, भिंत, लोड धरून बाजूबाजूनं चालणं हे महत्त्वाचं, ते पोटभर करू द्या. वस्तू दिवाणावर जरा लांब ठेवा म्हणजे एक पाऊल बाजूला टाकावं लागेल. घरात अनवाणी. बूट फक्त बाहेर, रंकाळ्यावर वगैरे नेताना, तेही मऊ तळव्याचे. दोन्ही हात वर धरून चालवू नका, त्यात तोल तुमचा असतो. पडलं तर लगेच धावू नका. न्यूयॉर्कच्या संशोधक करेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोजलं होतं, नुकती चालायला लागलेली एक-दीड वर्षांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. चालायला लागलं की बोलण्यातही फरक दिसतो, कारण आता ते वस्तू उचलून तुमच्याकडं घेऊन येतं, तुम्ही म्हणता "अरे, वाटी आणलीस!", आणि शब्द बरोबर त्या क्षणी कानावर पडतो जेव्हा त्याचं सगळं लक्ष त्या वाटीवर असतं. त्या वेळी मोबाईलमधनं मान वर काढून उत्तर द्या.

कधी वाट बघायची आणि कधी दाखवायचं

शेजारच्या बाळाशी तुलना करू नका, पल्ला मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासाप्रमाणे आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही येतं आणि एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. बाळ लवकर जन्मलेलं असेल तर वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासनं मोजा. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आज सात महिन्यांचं असेल तर त्याच्याकडनं पाच महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची.

पण काही गोष्टींत "बापही उशिरा चालला होता" म्हणून थांबू नका. चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी कायम घट्ट आणि अंगठा आत, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, अंग फार कडक किंवा फार लुळं लागतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, मान कायम एकाच बाजूला, नऊ महिन्यांत बसत नाही, अठरा महिन्यांत चालत नाही. आणि आधी येत असलेली गोष्ट बंद झाली तर त्याच आठवड्यात डॉक्टर. लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा फायदा जास्त होतो, कारण मेंदू या वयात फार पटकन बदलतो.

गावाकडं आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्यांना हे सगळं विचारा, त्यांच्याकडच्या माता-बाल कार्डावर टप्प्यांची चित्रंही असतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तिथं बाळाला नक्की न्या. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या बालरोग विभागात चौकशी करता येते. जाताना बाळ घरात पालथं पडलेलं, बसलेलं, सरकत असलेलं असे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात ते घाबरून काहीच करत नाही. आणि जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड घ्यायला विसरू नका: किती आठवड्यांचं जन्मलं, वजन किती होतं, लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती वाढली होती, हे पाच प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत विचारले जातात.